सोर्सच्या रकान्यात काय लिहायचं?

प्रश्न विचारणारा मुलगा बडोद्याचाच, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. तीन महिने तो ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कोणीही भरू शकेल अशा खुल्या नकाशावर, दांडिया बाजार, रावपुरा आणि मांडवीच्या आसपासच्या गल्ल्या भरतो आहे. परवा एका अनोळखी परदेशी मॅपरने त्याच्या चेंजसेटखाली, म्हणजे एका बैठकीत चढवलेल्या बदलांच्या नोंदीखाली, एकच शब्द टाकला: ‘सोर्स?’, म्हणजे ही माहिती कुठून आणली? तेव्हापासून त्याची झोप उडाली आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ताई, सोर्स प्रत्येक रस्त्यावर लिहायचा की चेंजसेटवर? रेष उपग्रहचित्रावरून काढली, गल्लीचं नाव आजीने सांगितलं आणि एकेरी वाहतूक मला पोलिसाने स्कूटर अडवल्यावर कळली, तर एका रकान्यात काय काय कोंबायचं? आणि दोनतीन नावं अडली तेव्हा गूगल मॅप्समध्ये डोकावलो होतो. ते लिहायचं की गप्प बसायचं?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तोच जास्त अंगाशी येणारा आहे.

ती दोनतीन नावं आजच काढून टाक. नावं बरोबर असतील तरीही काढ. गूगलच्या अटींप्रमाणे त्यांच्या नकाशातली माहिती उचलून दुसरा नकाशा भरता येत नाही, आणि स्ट्रीट व्ह्यूमधल्या पाट्या वाचून लिहिणंही त्यातच आलं. ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा ओडीबीएल परवान्याखाली जगाला खुला दिलेला आहे: कोणीही घ्यावा, छापावा, त्यावर ॲप बांधावं, श्रेय द्यावं आणि त्यातून नवा डेटा तयार केला तर तोही खुला ठेवावा. दुसऱ्याची वस्तू आपण अशी वाटू शकत नाही. ‘पण ताई, गल्लीचं नाव तर सगळ्या मोहल्ल्याला माहीत आहे’ हे मला दरवर्षी कोणीतरी ऐकवतं. माहीत आहे ना, मग मोहल्ल्यालाच विचार की. कोपऱ्यावरच्या पानवाल्याशी बोलायला दोन मिनिटं लागतात आणि नाव तुझ्या स्वतःच्या चौकशीतून आलेलं असतं.

कोणाला कळणार आहे, असंही वाटेल. ब्रिटनमध्ये ऑटोमोबाइल असोसिएशनने ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी संस्थेचे नकाशे उचलल्याचं प्रकरण २००१ साली २ कोटी पौंडांवर मिटलं. ऑर्डनन्स सर्व्हेने नकाशात बारीक खुणा पेरून ठेवल्या होत्या, कुठे रस्त्याचं वळण जरा जास्त गोल, कुठे नदीला नसलेला किंचित बाक. त्या खुणा जशाच्या तशा दुसऱ्या नकाशात उतरल्या. आपल्याकडे तेवढा पैसा कोणी मागणार नाही, पण काम मात्र उडतं. मी २०११ साली भरायला लागले आणि पुढच्याच वर्षी परवाना बदलला. ज्यांनी नव्या परवान्याला होकार दिला नव्हता त्यांचं काम जुलै २०१२ मध्ये एका बॉटने नकाशातून उतरवलं आणि सप्टेंबरमध्ये ओडीबीएल लागू झाला. जगात ठिकठिकाणी रस्त्यांना भोकं पडली. त्या माणसांनी चोरी केलेली नव्हती, फक्त होकार नव्हता, तरी कोणाची रेष कोणावरून आली हे शोधत बसावं लागलं. सोर्सचा रकाना किती कामाचा आहे ते मला तेव्हा कळलं. तोपर्यंत मीही तो मोकळाच सोडायचे.

आता पहिला प्रश्न. चेंजसेटवर लिही. वस्तूवर, म्हणजे रस्त्यावर किंवा इमारतीवर, क्वचितच.

हा गोंधळ मुळात झाला कसा? ओपनस्ट्रीटमॅप २००४ चा. चेंजसेट ही सोय एप्रिल २००९ मध्ये आली. त्याआधी माहिती कुठून आली हे लिहायला वस्तूशिवाय जागाच नव्हती, म्हणून प्रत्येक रस्त्यावर ‘सोर्स’ टॅग, म्हणजे माहितीची चिठ्ठी, लावायची पद्धत पडली. ‘सोर्स: याहू’ असं लिहिलेले जुने रस्ते अजून सापडतात, याहूची चित्रं वापरायची मुभा असतानाच्या काळातले. आपल्याकडे हायवे आणि गावांच्या बिंदूंवर ‘एएनडी’ अशी अक्षरं दिसली तर ती २००७ मध्ये ऑटोमोटिव्ह नेव्हिगेशन डेटा या डच कंपनीने भारताचे मोठे रस्ते देणगी दिले त्याची खूण.

वस्तूवरचा टॅग शिळा होतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही, हा त्यातला दोष. समज, २००८ मध्ये कोणी याहूवरून एक रस्ता काढला. २०१२ मध्ये दुसऱ्याने तो मायक्रोसॉफ्टच्या बिंग चित्रांवरून सरळ केला. २०१८ मध्ये मी चालत जाऊन नाव बदललं. रस्त्यावर अजून ‘याहू’च आहे, आणि आता त्या रस्त्यात याहूचा एक बिंदूही उरलेला नाही. मध्ये कोणी पूल दाखवायला रस्ता तोडला की दोन्ही तुकड्यांवर तोच टॅग उतरतो. दोन रस्ते जोडले की ‘याहू, बिंग, सर्व्हे’ अशी खिचडी शिजते. चेंजसेटचं तसं होत नाही. तो एका माणसाच्या एका बैठकीची नोंद असतो, तारखेसकट. रस्त्याचा इतिहास उघडला की प्रत्येक आवृत्ती आपापल्या चेंजसेटकडे बोट दाखवते आणि कोणी काय कशावरून केलं ते क्रमाने वाचता येतं.

वस्तूवर सोर्स कधी ठेवावा? जेव्हा एखादीच गोष्ट वेगळ्या ठिकाणाहून आलेली असते आणि पुढच्या माणसाला ती संशयास्पद वाटण्याची शक्यता असते. त्यासाठी पोटटॅग आहेत: ‘सोर्स:नेम’ फक्त नावापुरता, ‘सोर्स:मॅक्सस्पीड’ फक्त वेगमर्यादेपुरता. आणि शेवटचं कधी तपासलं त्यासाठी ‘चेक_डेट’. हे मी सढळपणे वापरते, विशेषतः दुकानांवर. आपल्याकडे शेवउसळीची गाडी सहा महिन्यांत कोपरा बदलते.

दुसरा प्रश्न सगळ्यात चांगला आहे, कारण पोळेत, म्हणजे जुन्या शहरातल्या दाट, चिंचोळ्या गल्ल्यांच्या वस्तीत, काम करणाऱ्या प्रत्येकाचं घोडं तिथेच अडतं. माझ्याच कामातलं एक उदाहरण देते.

घडियाळी पोळेच्या आत दोन गल्ल्या आहेत. वरून पाहिलं तर पत्रे, पाण्याच्या टाक्या आणि मधूनच एक काळी फट. ती फट म्हणजे गल्ली. उपग्रहचित्रात या दोन फटी एकमेकींना मिळतात असं वाटतं. कोणीतरी घरबसल्या त्या जोडल्या होत्या. मी फोन घेऊन आत शिरले तर जीपीएसने माझी वाट लोकांच्या स्वयंपाकघरांतून नेली. दोन्हीकडे तीन मजली घरं, वर सज्जे पुढे आलेले, आकाश वीतभर. अशा ठिकाणी उपग्रहाचे सिग्नल भिंतींवर आपटून येतात आणि फोन पंधरा-वीस मीटर इकडेतिकडे उड्या मारतो. मग मी जुनी पद्धत वापरली: तोंडाशी असलेल्या देवळापासून पावलं मोजली, वळणं वहीत काढली. शेवटी एक लाकडी दार लागलं. पलीकडे दुसरी गल्ली होती, पण दार एका वाड्याचं होतं आणि आतून कडी. ओट्यावर भाजी निवडत बसलेल्या बाई म्हणाल्या, ‘हे दार लग्नकार्यालाच उघडतं.’ म्हणजे रस्ता नाहीच.

घरी येऊन मी जोड तोडली आणि चेंजसेटवर लिहिलं. टिप्पणी: ‘घडियाळी पोळ, आतल्या दोन गल्ल्यांमधली चुकीची जोडणी काढली, मध्ये खासगी दार.’ सोर्स: ‘चालून सर्व्हे, पावलांनी मोजमाप, गल्लीची दिशा बिंग चित्रावरून, पाटी नाही, नाव रहिवाशाकडून.’ वर्षभराने एकाने तीच जोड पुन्हा करायला घेतली, कारण चित्रात त्यालाही फट दिसली. त्याने इतिहास उघडला, ‘चालून सर्व्हे’ वाचलं आणि जोडण्याआधी मला विचारलं. मी फक्त ‘बिंग’ लिहिलं असतं तर त्याने विचारलं नसतं, आणि त्याच्या जागी मी असते तर मीही विचारलं नसतं. त्याचं चित्र माझ्यापेक्षा नवं होतं!

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर: जी गोष्ट ज्याने कळली ते तसंच लिही, अर्धविरामाने तोडून. ‘रेष: बिंग; नाव: स्थानिक रहिवासी; एकेरी वाहतूक: प्रत्यक्ष पाहणी’ एवढं पुरे. एका टॅगच्या मजकुरात २५५ अक्षरं मावतात, निबंध लिहायला जागाच नाही. आणि फार कोंबावं लागतंय असं वाटलं तर चेंजसेटच दोन कर. मी टेबलावरचं काम आणि चालून केलेलं काम कधी एकत्र चढवत नाही. रात्री बसून चित्रावरून इमारती काढल्या, त्या वेगळ्या पाठवल्या. रविवारी फिरून नावं आणली, ती वेगळी. तासभर काही चढवलं नाही की चेंजसेट आपोआप बंद होतो, तेव्हा फार विचार करायची गरजही पडत नाही. स्कूटर कुठे अडवली ते लिहू नकोस, आणि पावती फाडली असेल तर तेही नको.

आजीचं नाव मात्र कुठेच लिहू नकोस. ‘स्थानिक रहिवासी’ किंवा ‘स्थानिक माहिती’ पुरे. तसाच जीपीएसचा माग चढवताना घरापासूनचे पहिले दोनतीनशे मीटर कापून टाक. तू कुठे राहतोस आणि सकाळी किती वाजता बाहेर पडतोस हे जगाला कळायची गरज नाही.

नावांवर जरा थांबते, कारण बडोद्यात तिथेच जास्त वाद होतात. एका बागेच्या पाटीवर सयाजीबाग असतं आणि रिक्षावाला कमाटीबाग म्हणतो. दोन्ही खरी. पाटीवरचं मुख्य नावात, तोंडातलं पर्यायी नावात, आणि सोर्समध्ये कोणतं कुठून आलं ते. मराठी नावाचा रकाना वेगळा आहे, त्यात आपली मंडळी फार उत्साहाने लिहितात. ‘बडोदे’ हे नाव मराठीत शंभर वर्षांहून जास्त रुळलेलं आहे, ते बिनदिक्कत लिही. पण शहराबाहेरच्या नव्या सोसायटीचं गुजराती नाव घरबसल्या देवनागरीत उतरवलं आणि मराठी नाव म्हणून ठोकून दिलं, तर ते भाषांतर नाही आणि माहितीही नाही. करायचंच असेल तर सोर्समध्ये ‘पाटीवरील गुजरातीचं लिप्यंतर’ असं लिही, म्हणजे पुढच्याला कळेल की हे नाव कोणाच्या तोंडी ऐकलेलं नाही. दांडिया बाजारात मराठी पाट्या अजून आहेत. तिथे फोटो काढ आणि ‘पाटी’ लिही. माझ्या लेखी पाटीइतका निर्मळ सोर्स दुसरा नाही.

जुनी नावं हवी असतील तर जुने नकाशे आहेत. पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराने १९१६ मध्ये बडोद्याच्या विकासावर अहवाल लिहिला. तो १९३२ मध्ये वारला आणि भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो, त्यामुळे ते साहित्य वापरायला मोकळं आहे. सरकारी प्रकाशनांचं गणित प्रकाशनापासून ६० वर्षांचं. पण जुन्या नकाशावरून नाव घ्यायचं ते ‘जुनं नाव’ म्हणून, आणि आज ते कोणी वापरतं का हे तिथे जाऊन विचारून. रेष तर अजिबात घ्यायची नाही. महापालिकेच्या संकेतस्थळावरच्या पीडीएफचं मात्र उलट: ती ताजी असते, सगळ्यांना दिसते, पण दिसते म्हणून परवाना मिळाला असं होत नाही. परवाना स्पष्ट लिहिलेला नसेल तर त्यातून भरू नकोस. आणि एकगठ्ठा डेटा आणायचा विचार असेल तर आधी समुदायात चर्चा, विकीवर पान, वेगळं खातं; तो स्वतंत्र विषय आहे.

‘स्थानिक माहिती’ हा शब्दही जपून वापर. माझीच फजिती सांगते. न्यायमंदिराच्या इमारतीवर मी न्यायालयाचा टॅग लावून बसले होते, सोर्स ‘स्थानिक माहिती’. लहानपणापासून तिथे कोर्ट पाहिलंय, तपासायचं काय? कोर्ट २०१८ मध्ये दिवाळीपुऱ्याच्या नव्या संकुलात गेलं आणि मी ते दोन वर्षं बदललंच नाही. एका वकील मुलीने दाखवून दिलं. तेव्हापासून मी ‘स्थानिक माहिती’पुढे वर्ष लिहिते.

चित्राच्या तारखेचंही तसंच. नुसतं ‘बिंग’ म्हणजे काय? बिंगची चित्रं वापरायची परवानगी नोव्हेंबर २०१० पासून आहे आणि तेवढ्या काळात शहर दोनदा उलटंपालटं झालं. एकाच शहरात शेजारच्या दोन टाइल्स, म्हणजे चित्राचे चौकोनी तुकडे, वेगवेगळ्या वर्षांच्या असू शकतात. नकाशा भरायच्या आयडी एडिटरमध्ये पार्श्वभूमीच्या माहितीची खिडकी उघडली की चित्राचा काळ दिसतो, जॉसम या दुसऱ्या एडिटरमध्ये टाइलवर उजवी क्लिक करून माहिती काढता येते. दिसला तर लिही. गेंडा सर्कलपासून मनीषा चोकडीपर्यंतचा उड्डाणपूल डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. त्याआधीच्या चित्रात तिथे नुसते खांब. ‘एस्री’ (हीसुद्धा चित्रं देणारी कंपनी) असं लिहून कोणी नकाशातून पूल उडवला तर त्याला चूक दाखवायला मला फार वेळ लागतो. ‘एस्री, २०२१’ लिहिलं असेल तर त्याची त्यालाच कळते. चित्र जागेवरून सरकलेलंही असतं, कधी पाच-सात मीटर, म्हणून आधी जीपीएसच्या मागांवर ते बसवून घे आणि सरकवलं असेल तर तेही सोर्समध्ये टाक.

याचं सगळ्यात गंभीर उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं. ९ जुलै २०२५ ला पादरा तालुक्यातला महीसागरवरचा गंभीरा पूल कोसळला, माणसं गेली. त्या तारखेआधीच्या प्रत्येक चित्रात तो पूल अखंड आहे. नकाशात रस्ता बंद दाखवून सोर्स मोकळा सोडला, तर लांब बसलेला कोणीतरी चित्र पाहून ‘अरे, इथे रस्ता तुटलाय’ म्हणून प्रामाणिकपणे तो जोडून देईल, आणि एखादा ट्रकवाला ॲपच्या भरवशावर नदीपर्यंत जाईल. इथे मी वस्तूवरसुद्धा लिहीन: ‘नोट’ टॅगमध्ये ‘पूल कोसळला, ९ जुलै २०२५, जुन्या चित्रांवरून जोडू नये’, आणि चेंजसेटवर ‘बातम्या आणि वाहतूक बंदीची घोषणा’. बातमीतली घटना वापरायला हरकत नाही, बातमीसोबत छापलेला नकाशा गिरवायचा नाही.

साधनांबद्दल थोडक्यात. स्ट्रीटकम्प्लीट हे फोनवरचं ॲप तुझ्याऐवजी स्वतःच ‘सर्व्हे’ लिहितं, कारण ते जागेवर उभं राहूनच वापरायचं असतं. सोफ्यावर बसून त्यातली उत्तरं देऊ नकोस, ती खोटी साक्ष होते. आयडी एडिटर तू उघडलेलं चित्र ‘इमेजरी_यूज्ड’ मध्ये आपोआप नोंदवतो, पण ती यंत्राची नोंद झाली. सोर्सचा रकाना तरी स्वतः भर. जॉसममध्ये उघड्या थरांवरून सोर्स भरायचं बटण आहे. सोयीचं आहे आणि फसवं आहे: बिंगचा थर मागे नुसता उघडा असतो, काम तू जीपीएसवरून केलेलं असतं, आणि बटण ‘बिंग’ लिहून मोकळं होतं. दाबल्यावर एकदा वाच. मॅपिलरीवरचे रस्त्यावरचे फोटो वापरायला चालतात. त्यांची तारीख लिही.

मराठीत लिहू का, असंही तू विचारलंस. लिही, मी लिहिते. फक्त चित्राचं नाव इंग्रजीत ठेव, म्हणजे शोधणाऱ्याला ते सापडतं.

राहिला तो परदेशी माणूस. तो तुझ्यावर डाफरलेला नाही. अशी माणसं दिवसाला शेकडो चेंजसेट चाळतात आणि नवीन खातं, खूप नावं, सोर्स कोरा असं दिसलं की विचारतात, मीही विचारते. बंद झालेल्या चेंजसेटचे टॅग आता बदलता येत नाहीत, पण त्याखाली उत्तर लिहिता येतं आणि ते कायम राहतं. आज रात्रीच लिही: रेषा बिंगवरून, नावं पाट्या आणि रहिवाशांकडून, तीन नावं गूगल मॅप्सवरून आली होती ती काढली, अमुक चेंजसेटमध्ये. शेवटचं वाक्य लिहायला जड जाईल, तरी लिही. त्या जुन्या आवृत्त्या दडवाव्या लागतील असं कोणाला वाटलं तर डेटा वर्किंग ग्रुप, म्हणजे ओपनस्ट्रीटमॅपचा डेटाच्या तक्रारी हाताळणारा गट, ते पाहील. त्यांच्याकडे आपण होऊन आलेल्या माणसाला कोणी ओरडत नाही. बाकीच्या चेंजसेटखाली एकेक ओळ टाकायला एक संध्याकाळ जाईल.

आणि तुझी ती एकेरी वाहतूक. मी गेल्या आठवड्यात तिथून गेले तेव्हा एका टोकाला पाटी होती, दुसऱ्या टोकाची झाडाने झाकली होती आणि रिक्षा दोन्ही बाजूंनी जात होत्या. शनिवारी दुपारी जमलं तर जाऊन दोन्ही टोकांचे फोटो काढ. मलाही पाठव, त्या पाटीवर वेळ लिहिलेली होती की नाही ते मला नीट वाचता आलं नव्हतं.